माझ्या तिसऱ्या दाताचा काटा

मित्रांनो, मला हातात घ्याल तर तुमचे मनगट आधी खाली झुकेल आणि मग सावरेल. मी फणी आहे, पण केस विंचरायची नव्हे. मी गालिचा विणणाऱ्या बायकांची लोखंडी फणी आहे. नऊ दातांची, अक्रोडाच्या मुठीची, आणि आता बरीच म्हातारी. विणणारी बाई गाठींची एक ओळ पुरी करते, तिच्यावरून ओला आडवा धागा घालते आणि मग मला उचलते. माझे दात ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून आत शिरतात आणि मी ती ओळ खालच्या ओळीवर ठोकून घट्ट बसवते. एवढेच माझे काम. पण ते नीट झाले नाही तर गालिच्याची सैल घोंगडी होते.

माझ्या आयुष्यात एक हिवाळा असा आला की त्याची आठवण निघाली तरी मला आजही धास्ती वाटते. तोच मला तुम्हाला सांगायचा आहे. पण त्याआधी थोडे मागचे सांगितले पाहिजे.

इराणमधल्या बिजार शहराच्या पलीकडे डोंगरात कानीसूर नावाचे खेडे आहे. तिथल्या यदुल्ला नावाच्या तरुण लोहाराने मला एका मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीतून घडवले. ती पट्टी इतकी कडक होती की तिने त्याच्या दोन छिन्न्या बोथट केल्या. दात कापून झाल्यावर त्याने प्रत्येक दात कानशीने घासला, मग राखेने, मग नुसत्या लोकरीने. शेवटी त्याने मेंढीच्या लोकरीचा एक पुंजका माझ्या दातांतून ओढला. पुंजका कुठेही न अडकता सरळ बाहेर आला, तेव्हा कुठे त्याने मला मूठ बसवली. गावातल्या एका बाईने आपल्या लेकीच्या लग्नासाठी मला करून घेतले होते. त्या लेकीचे नाव खावर.

खावरच्या हातात मी तीस वर्षे होते. तिच्यासारखे ठोकणे गावात कुणाला जमत नसे. तिचा हात खांद्यापासून यायचा, घाई नाही, थरथर नाही. गल्लीतून जाणारी माणसे माझा आवाज ऐकून म्हणायची, खावर बसली कामाला. एकदा शहरातून एक व्यापारी गालिचा पाहायला आला. त्याने घडी घालायचा प्रयत्न केला, आपल्या मदतनिसाला बोलावले, दोघांनी मिळून जोर लावला, तरी घडी पडेना. घाम पुसत तो म्हणाला, "बाई, हा गालिचा आहे की दरवाजा?" खावर दोन दिवस ते वाक्य शेजारणींना सांगत होती. मला तर मनातल्या मनात फारच अभिमान वाटला. तिनेही मला जपले. दर गुरुवारी ती माझ्या दातांना चरबीचे बोट लावायची आणि मला कुणाला उसने द्यायची नाही.

तिचा नवरा लवकर गेला. एकच मुलगा, हिदायत. त्याचे लग्न झाले आणि चारच महिन्यांनी त्याला सीमेवरच्या लढाईला जावे लागले. तो गेला त्याच आठवड्यात खावरने नवस बोलला: एक गालिचा विणायचा आणि नवरोजच्या, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आत टेकडीवरच्या दर्ग्यात अंथरायचा. मुलगा सुखरूप यावा म्हणून. माग उभा राहिला, ताणा चढला आणि मागासमोरच्या फळीवर दोघी बसल्या, खावर आणि तिची सून शिलान.

शिलान दरीपलीकडच्या गावची. तिकडे गालिचे हलके विणतात. त्यामुळे तिचा ठोका जरा घाईचा आणि वरवरचा होता. पण बोटे चपळ होती आणि नजर तीक्ष्ण. खावर तिच्याशी फार बोलत नसे. ओळीतला रंग सांगायचा, तेवढाच सांगायचा. दोघींच्या मनात एकच माणूस होता, पण त्याचे नाव दोघी एकमेकींसमोर काढत नसत.

सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी हिदायतचे पत्र यायचे. शाळेतले मास्तर ते वाचून दाखवायचे. मग बर्फ पडू लागला आणि पत्रे थांबली. एक आठवडा गेला, तीन गेले. पाचव्या आठवड्यात मिनीबस आली तेव्हा खावर रस्त्यावर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने तिला पाहून दुरूनच नाही अशी मान हलवली.

ती घरी परतली आणि थेट कामाला लागली. आडवा धागा भिजवायला पाणी हवे होते. अंगणातल्या दगडी कुंडीवर तळहाताएवढा जाड बर्फ धरला होता. कुऱ्हाड शिलान लाकडे फोडायला घेऊन गेली होती. खावरने इकडेतिकडे पाहिले, फळीवरून मला उचलले आणि बाहेर नेले.

मित्रांनो, तीस वर्षांत तिने असे कधीच केले नव्हते. तिला मी दिसतच नव्हते. तिने मला तीनदा बर्फावर मारले. तिसऱ्या घावाला बर्फ फुटला आणि मी थेट कुंडीच्या दगडी काठावर आदळले. माझ्या तिसऱ्या दाताचे टोक किंचित वाकले आणि त्याच्या कडेला खसखशीएवढा धारदार काटा उभा राहिला. खावरने घागऱ्याला मला पुसले आणि पुन्हा मागावर बसली. तिची बोटे थंडीने बधिर झाली होती. तिला काही कळले नाही.

मला मात्र पहिल्याच ठोक्याला कळले. ताण्याच्या एका धाग्याला काटा घासला आणि त्याचे दोन तंतू तुटले. दोनच. वीस तंतूंच्या पिळातले. धागा तसाच ताठ उभा राहिला. पुढच्या ओळीला आणखी एक तंतू. पुढच्या ठोक्याला शेजारचा धागा.

त्या दिवसापासून माझे सुख संपले. कुणीतरी मुठीला हात लावला की मला धडकी भरायची. ज्या धाग्यांमध्ये मी आयुष्यभर अलगद शिरले, त्यांनाच मी रोज थोडेथोडे कापत होते. ओरडून सांगावे तर मला तोंड नाही. हातातून निसटून पडावे तर हात घट्ट. मी फक्त मोजत राहिले. चार धागे पिंजले, मग सहा, मग आठ.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिलानच्या हातात मी असताना पहिला धागा तुटला. ताणलेला धागा तुटताना मोठा आवाज होत नाही, बोटाने तार छेडल्यासारखा होतो. पण दोघींचे हात जागच्या जागी थांबले.

खावरच्या आईने तिच्या मनात लहानपणीच भरवून दिले होते की घरातले माणूस बाहेर असताना ताणा तुटणे चांगले नाही. खावरचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली की हात जरा बेताने चालव. शिलानने धागा जोडला, माफी मागितली आणि पुढे काम सुरू झाले.

चार दिवसांनी पुन्हा तुटला. पुन्हा शिलानच्याच हातात. आता खावर गप्प बसली नाही. तिने विचारले की तुझ्या गावात ठोकायला शिकवतात की मारामारी करायला? शिलान खाली मान घालून गाठ मारत राहिली. त्याच संध्याकाळी शेजारची नुस्रत पीठ मागायला आली, तिने जोडलेले धागे पाहिले आणि जाताजाता दारात बोलून गेली, "सून आली नि पोरगा गेला. आता ताणाही तुटायला लागला. बघ बाई, तुझं तू."

नुस्रतला ते बोलून काय मिळाले, कोण जाणे. पण ते वाक्य खावरच्या मनात रुतले. सोमवारी शिलान तंदूरवर भाकरी लावायला गेली होती आणि खावर एकटीच विणत होती. तेव्हा तिच्या हातातही एक धागा तुटला. तिने दाराकडे पाहिले. मग भराभर धागा जोडला, टोके कापली, ती तोंडात घातली आणि चावून गिळली. शिलान परत आली तेव्हा खावर नेहमीसारखी पाठ ताठ करून बसली होती.

मी तिला दोष देत नाही. भीती माणसाला असेच काहीतरी करायला लावते. ज्या हाताने मुलाला वाढवले त्याच हाताने धागा तुटला, हे तिला स्वतःशीसुद्धा कबूल करता येत नव्हते. मग तिने तो तुटला नाहीच असे ठरवले.

दुसऱ्या दिवशी तिने शिलानला मागावर बसायला मनाई केली. मेंढ्या बघ, भाकरी कर, पण ताण्याला हात लावू नकोस. एवढ्यावरही तिच्या मनाला शांती नव्हती. घरात त्या मुलीची सावली मागावर पडली तरी ती दचकू लागली. शेवटी तिने मिनीबसच्या ड्रायव्हरबरोबर शिलानच्या वडिलांना निरोप पाठवला की हिदायत परत येईपर्यंत मुलीला घेऊन जा. लग्नाला वर्षही झालेले नाही, नवरा लढाईवर आणि सासूने सून परत पाठवलेली. दोन्ही गावांत काय बोलले जाईल, हे शिलानला कळत होते. वडील शुक्रवारी येणार होते.

ते दिवस मी कसे काढले, काय सांगू. खावर एकटीच विणत होती, पूर्वीपेक्षा जोराने आणि पूर्वीपेक्षा वेगाने. प्रत्येक ठोक्याला काटा कुठेतरी लागत होता. पिंजलेले धागे अकरा झाले. एखादा धागा तुटला तर जोडता येतो. पण शेजारशेजारचे पाच-सहा एकदम गेले तर ताणाच सैल पडतो आणि सगळा गालिचा वाकडा होतो. ती मुलगी वाट धरून निघाली असेल, रस्त्यावर असेल, आणि मागे हा ताणा फाटेल. मग खावर म्हणेल, जाताजाता शाप देऊन गेली. हे सगळे माझ्या एका काट्यामुळे होणार होते आणि ते मला एकटीलाच ठाऊक होते.

शुक्रवारी सकाळी खावर दर्ग्यात गेली. शिलानने आपले कपडे एका गाठोड्यात बांधले, घर झाडले, चहाच्या समोवारमध्ये पाणी भरले. मग ती मागापाशी आली. तिच्या माहेरी बाई घरातून जायला निघाली की हत्यारे पुसून जायची. तिने कात्री पुसली, गाठ कापायची आकडीची सुरी पुसली आणि मग मला घेतले. तिच्या हातात डोक्यावरचा रेशमी रुमाल होता. हिदायतने लग्नात हमदानहून आणलेला. तिने तो माझ्या दातांमधून ओढला.

रुमाल अडकला.

तिने पुन्हा ओढला. रेशमाचा एक धागा बाहेर निघाला आणि लांब होत गेला. शिलानने रुमाल सोडवला, मला खिडकीपाशी नेले आणि उजेडात धरले. मग एकेका दातावरून तिने अंगठा फिरवला. तिसऱ्या दाताशी तिचा अंगठा थांबला. मित्रांनो, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारले होते आणि मी उत्तर दिले होते.

ती मागापाशी गेली आणि वाकून, नाक धाग्यांना लागेल इतक्या जवळून, विणीच्या वरचे धागे पाहू लागली. तिने अकराच्या अकरा शोधून काढले. मग ती फळीवर बसली आणि मला मांडीवर घेऊन सासूची वाट पाहत राहिली.

आधी आले तिचे वडील, फतेउल्ला. खेचर अंगणात बांधून, मिशांवरचा बर्फ झटकत ते आत येऊन बसले. पाठोपाठ खावर आली. तिने पाहुण्यांना चहा दिला. तेवढ्यात आतून शिलानने हाक मारली.

"आई, जरा मागापाशी येता?"

खावर आली. शिलानने मला पुढे धरले. "अंगठा द्या इकडं."

"काय चाललंय तुझं?"

"द्या तर."

तिने खावरचा अंगठा हातात धरून माझ्या तिसऱ्या दातावर टेकवला आणि किंचित ओढला. रक्ताचा एक थेंब आला. खावर त्या थेंबाकडे बघत राहिली.

"हे कधीचं?" तिने विचारले.

"कुऱ्हाड माझ्याकडं असताना तुम्ही हिनंच कुंडीचा बर्फ फोडला असणार, त्या दिवसापासनं. बघा, दगडाची भुकटी अजून बसलीय खाचेत. अकरा धागे पिंजलेत आई. मोजलेत मी."

मला वाटले होते की खावरला सुटल्यासारखे वाटेल. पण ती फळीवर बसली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिला दुसरेच काही दिसत होते.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "माझ्याच हातानं. पोरी, एक धागा माझ्या हातातही तुटला होता. मी तुला सांगितलं नाही."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"तिथली गाठ माझी नव्हती. मी डावीकडनं मारते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

खावरने रक्त आलेला अंगठा मुठीत दाबून धरला. शेवटी ती म्हणाली की माझा हिदायत गेला, मीच त्याला तोडला. तेव्हा शिलान तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिचा आवाज चढला नाही, पण पहिल्यांदाच ती सासूच्या डोळ्यांत बघून बोलली.

"लोखंडानं लोकर कापली, आई. एवढंच झालंय. त्यात हिदायत कुठं आला? तुम्हाला काय वाटतं, मला झोप लागते? तो माझाही आहे. भीती तुम्हाला एकटीलाच नाही."

मग खावर उठली, डोक्यावरच्या रुमालाने डोळे पुसून बाहेर गेली आणि फतेउल्लांना म्हणाली की जेवून जा, पोर इथेच राहील.

फतेउल्लांनी पेला खाली ठेवला. "विहीणबाई, चार तास बर्फातनं बोलावलंत ते जेवायला होय?" मग त्यांनी तिच्याकडे न पाहता आतल्या दाराकडे पाहिले. "शिलान, तुझं काय म्हणणं?"

शिलान दारात आली. ती म्हणाली, "राहते. पण मागावर माझी जागा मला हवी. मेंढ्या दोघी मिळून बघू."

खावरने होकाराची मान हलवली. फतेउल्ला जेवले आणि रिकामे खेचर घेऊन परत गेले.

दुसऱ्या दिवशी दोघी मला घेऊन यदुल्लाकडे गेल्या. तो आता म्हातारा झाला होता, पण त्याने मला लगेच ओळखले. माझा दात पाहून तो खावरला बरेच बोलला. तिने सगळे ऐकून घेतले. त्याने कानस चालवली, टोक सरळ केले, काटा घासून टाकला. दुखले, पण ते दुखणे मला हवेसे होते. माझा तिसरा दात तेव्हापासून इतरांपेक्षा केसभर आखूड आहे.

मग त्या दोघींनी अकराच्या अकरा धाग्यांना नवे धागे जोडले. त्याला सबंध दीड दिवस लागला. काम झाल्यावर खावरने मला शिलानच्या हातात दिले. पहिला ठोका पडेपर्यंत तिघींनीही श्वास रोखला होता, मीही. ठोका पडला. कुठेही तार छेडल्याचा आवाज आला नाही.

पत्र मात्र अजून आले नव्हते. त्या दोघींची काळजी काही माझ्या काट्याबरोबर घासून गेली नाही. फरक इतकाच की आता त्या ती एकमेकींना सांगत. मिनीबस यायच्या दिवशी दोघी मिळून रस्त्यावर उभ्या राहत. नवरोजला बारा दिवस उरले असताना पाकीट आले. त्यावरचे अक्षर हिदायतचे नव्हते. ते पाहून खावरने पाकीट मास्तरांच्या हातात द्यायलाच नकार दिला. शेवटी शिलानने ते तिच्या मुठीतून सोडवले. मास्तरांनी वाचले: हिदायत केरमानशाहच्या इस्पितळात होता. जवळ तोफगोळा फुटला होता. उजवा कान पूर्ण गेला, डावा अर्धा राहिला. जिवंत होता. हाताला पट्ट्या असल्यामुळे पत्र दुसऱ्याकडून लिहून घेतले होते.

गालिचा नवरोजच्या आत पुरा झाला नाही. दोन आठवडे उशीर झाला. तोवर हिदायत घरी आला होता. त्यानेच तो खांद्यावर टाकून टेकडीवर नेला. गालिच्याच्या मागच्या बाजूने हात फिरवला तर जोडलेल्या धाग्यांच्या गाठी आजही लागतात. त्या दाबून लपवायच्या का, असे शिलानने विचारले होते. खावर नको म्हणाली. हिदायतला माझा आवाज पुन्हा कधी नीट ऐकू आला नाही. दोघी विणत असल्या की तो मागाच्या खांबावर तळहात ठेवून बसायचा. माझा प्रत्येक ठोका त्याला हातातून कळायचा.

खावर जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. शिलानने माझ्याबरोबर आणखी वीस वर्षे विणले. मग तिचे गुडघे गेले, माग उतरवला गेला, त्याच्या लाकडांची कोंबड्यांची खुराडी झाली. मी एका पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला पक्कड, जुन्या चाव्या आणि एक फुटका कंदील. गेल्या वर्षी पाहुण्यांनी मला हातोड्यासारखे वापरून भिंतीत खिळे ठोकले. उन्हाळ्यात तंबूची खुंटी उपटायला मला जमिनीत खुपसले. दातांच्या मुळांशी गंज धरला आहे. कुठल्या दाताला काय झाले आहे, हे आता मलाही नीट सांगता येत नाही.

परवा शिलानची मुलगी माहरुख शहरातून आली होती. ती म्हणत होती की आपण पुन्हा माग उभारू, मला शिकायचे आहे. हे ऐकून मला किती आनंद व्हावा. झालाही. पण लगेच भीतीही वाटली. पुन्हा नवा ताणा चढेल, पुन्हा नवख्या हातात मी जाईन, आणि माझ्या दातांत काय लपले आहे हे कुणी पाहिले नाही, तर धागे तुटतील आणि बोलणी त्या मुलीला खावी लागतील.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरातही हत्यारे असतील, कात्री, विळी, सुई, कुदळ. त्यांना पुसा, कोरडी ठेवा, ज्या कामाची आहेत त्याच कामाला लावा. आणि कधी काम बिघडले, तर शेजारच्या हाताला बोल लावण्याआधी हत्यार उजेडात धरा आणि त्याच्यावरून सावकाश बोट फिरवा. आम्हाला तोंड नाही. तुम्ही विचारल्याशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही.